वडिलांनी कोरे घेतलेले दोन ट्रॅक्टर: विकावेत की राखावेत?

प्रश्न: वाळवा तालुक्यात आमची नऊ एकर बागायत शेती आहे. सहा एकरांत ऊस असतो आणि उरलेल्या रानात सोयाबीन व हरभरा. वडिलांनी १९८८ साली एचएमटी ३५११ आणि १९९८ साली महिंद्रा ५७५ डीआय असे दोन ट्रॅक्टर कोरे घेतले आणि आजवर दोन्ही आमच्याच दारात आहेत. बाहेरच्या माणसाच्या हातात त्यांची चावी कधी गेलेली नाही. ५७५ वर वर्षाला अंदाजे पावणेतीनशे तास काम होते. तो अलीकडे धूर सोडतो आणि ऑइल खातो. मिस्त्रींनी पूर्ण इंजिनकामाचा खर्च ७० हजार सांगितला आहे. एचएमटी सुरू आहे, पण ब्रेक कमी लागतात. गळीत हंगामात शेजाऱ्यांच्या उसाच्या ट्रॉल्या मी त्यावरच ओढतो. वितरक दोन्ही मिळून २ लाख १० हजार रुपये धरून ५० एचपीचा नवा ट्रॅक्टर ८ लाख १० हजारांना द्यायला तयार आहे. पुण्यातील धाकटा भाऊ म्हणतो, भंगार काढा आणि नवा घ्या. एकाहत्तर वर्षांचे वडील म्हणतात, मी असेपर्यंत ट्रॅक्टर विकायचे नाहीत. त्यात दहा वर्षांवरचे ट्रॅक्टर सरकार भंगारात घालणार असा मजकूर व्हॉट्सॲपवर फिरतो आहे. आमच्या दोन्ही ट्रॅक्टरच्या नोंदणीचे नूतनीकरण एकदाही झालेले नाही. काय करावे? – एक शेतकरी, जि. सांगली

उत्तर: आपल्या पत्रातील सर्वांत महत्त्वाची माहिती आपण जाता जाता लिहून गेला आहात, ती म्हणजे ५७५ चे वर्षाचे पावणेतीनशे तास. आपला भाऊ ट्रॅक्टरचे वय पाहतो आहे, वडील त्याच्याशी असलेले नाते पाहत आहेत आणि वितरक आपली विक्री पाहतो आहे. ट्रॅक्टरने प्रत्यक्ष काम किती केले, हे मात्र कोणीच मोजलेले दिसत नाही. १९९८ पासून वर्षाला २७५ तास धरले, तर आजवरची बेरीज साधारण साडेसात हजार तासांची होते. शेती यंत्रांच्या खर्चाचे हिशेब मांडताना ट्रॅक्टरचे आयुष्य वर्षाला एक हजार तासांप्रमाणे दहा वर्षे, म्हणजे १०,००० तास धरण्याची रीत आहे. भाड्याने राबणारा ट्रॅक्टर हे तास आठ-दहा वर्षांत पुरे करतो. आपल्या ट्रॅक्टरला सत्तावीस वर्षे होऊनही तो तिथवर पोहोचलेला नाही. शिवाय हा आकडाही काही फाशीची तारीख नव्हे, कारण इंजिन एकदा नीट बांधले की तो पुढे सरकतो. म्हणून माझे पहिले मत स्पष्टपणे सांगतो, की ५७५ विकू नये.

आता पैशांचा हिशेब पाहू, कारण भावाशी बोलताना तोच उपयोगी पडेल. वितरकाचा भाव मान्य केला, तर आपल्याला ६ लाखांचे कर्ज काढावे लागेल. ते अकरा टक्के दराने पाच वर्षांसाठी मिळाले असे धरले, तर सहामाही हप्ता सुमारे ८० हजार, म्हणजे वर्षाचा बोजा १ लाख ६० हजार रुपये होतो आणि पाच वर्षांत जवळपास २ लाख रुपये नुसते व्याजात जातात. हा वार्षिक बोजा २७५ तासांवर वाटला, तर डिझेलचा एक थेंब जळण्याआधीच प्रत्येक तासाला ५८० रुपये पडतात. दुसऱ्या बाजूला ७० हजारांचे इंजिनकाम आहे, आणि ते एकदाच करायचे आहे. उसाचे बिल कारखान्याकडून कधी आणि किती हप्त्यांत येते हे आपण जाणताच. बँकेचा हप्ता मात्र त्यासाठी थांबत नाही. वर्षाला सहा-सातशे तासांचे भाड्याचे काम आपल्या हाताशी पक्के असते आणि ते करण्याची आपली इच्छाही असती, तर मी भावाची बाजू घेतली असती. नऊ एकरांच्या घरकामासाठी ५० एचपीचा नवा ट्रॅक्टर कर्जाने घेणे ही चैन आहे. खोडवा राखताना पाचट कुट्टीसाठी मोठा ट्रॅक्टर लागतो हे खरे आहे, पण ते काम वर्षातून एखाद-दुसऱ्या वेळचे असल्याने भाड्याने उरकावे.

मात्र ७० हजारांच्या अंदाजावरही लगेच होकार देऊ नका. आपण धुराचा रंग कळवलेला नाही आणि इथे रंगालाच महत्त्व आहे. थंड इंजिन सुरू करताना पांढुरका धूर येऊन पाच-दहा मिनिटांत विरत असेल, तर आधी डिझेल फवारणारे नॉझल तपासावेत. नांगराच्या ओढीवर काळा धूर येत असेल, तर हवा कमी पडते आहे किंवा डिझेल जास्त जाते आहे, म्हणून एअर क्लीनर आणि पंप पाहावा. इंजिन तापल्यावरही निळसर धूर राहत असेल, तरच ऑइल जळते आहे असे समजावे. त्यातही एक साधी गोष्ट आधी पाहून घ्यावी. या पिढीच्या ट्रॅक्टरांना ऑइलबाथ एअर क्लीनर असतो, आणि त्याच्या खालच्या वाटीत खुणेच्या वर ऑइल भरले गेले, तर इंजिन ते ओढून घेते आणि पिस्टनच्या रिंगा झिजल्यासारखाच निळा धूर सोडते. घरातील दोन माणसे आळीपाळीने देखभाल करतात तिथे हे हमखास घडते, कारण एकाने भरलेल्या वाटीत दुसरा पुन्हा ऑइल ओततो.

वाटीतील पातळी बरोबर असेल, तर अर्धा तास काम करून तापलेले इंजिन मंद गतीवर सोडा, ऑइल भरण्याचे झाकण काढा आणि तिथे तळहात धरा. हलकी वाफ जाणवली तर काळजी नाही. धुराचे झोत ठोक्याठोक्याने बाहेर येत असतील आणि हाताला ऑइलचे शिंतोडे लागत असतील, तर ज्वलनाचा दाब रिंगांवरून खाली उतरतो आहे, असा त्याचा अर्थ. त्याच वेळी मीटरवर ऑइलचा दाब पाहावा. गरम इंजिनाच्या मंद गतीवर काटा तळाशी जात असेल, तर बेअरिंग आणि क्रँक, म्हणजे इंजिनाचा मुख्य फिरता दांडा, इथपर्यंत काम गेले आहे आणि मिस्त्रींचा अंदाज रास्त आहे. दाब उत्तम असेल आणि फक्त ऑइल जळत असेल, तर मिस्त्रींना हेड उतरवून लायनरचे, म्हणजे पिस्टन ज्यात वर-खाली होतो त्या नळीचे, माप घ्यायला सांगा. कदाचित व्हॉल्व्ह, रिंगा आणि गॅस्केट एवढ्यावर भागेल आणि खर्च बराच खाली येईल. ही तपासणी स्वतः समोर उभे राहून करून घ्यावी.

पूर्ण काम करावेच लागले, तर आपल्यासारख्या पहिल्या मालकाला एक मोठा लाभ आहे, आणि बाजारात त्याची किंमत कोणी देत नाही. जुना ट्रॅक्टर विकत घेणाऱ्याला आतला क्रँक किती वेळा घासला गेला आहे, लायनर कोणत्या मापाचा आहे, गिअरबॉक्समध्ये कोणकोणती ऑइले एकत्र झाली आहेत, यातले काहीच ठाऊक नसते. आपल्या वडिलांना ते ठाऊक आहे. ५७५ चे इंजिन यापूर्वी उघडलेच नसेल, तर क्रँक मूळ मापाचा असणार आणि एकदा ग्राइंडिंग केल्यावरही पुढच्या वेळेसाठी माप शिल्लक राहील. हाच ट्रॅक्टर वितरकाच्या अंगणात उभा राहिला की त्याची पाटी कोरी होते आणि तो ‘१९९८ चे मॉडेल’ एवढ्याच नावाने विकला जातो. त्यामुळे देऊ केलेली रक्कम त्याच्या दृष्टीने वाजवी असेलही. आपल्या दृष्टीने ती तोट्याची आहे.

क्रँकचे काम गावातल्या लेथवर न करता कोल्हापूरला शिवाजी उद्यमनगरात नेलेले बरे; इंजिनकामाचा तेथील कारागिरांचा अनुभव जुना आहे आणि आपल्याकडून अंतरही फार नाही. घासून आणलेले माप बिलावर लिहून घ्या. सुट्या भागांचे दरपत्रक जुने असेल, तर तेही नव्याने मागा, कारण २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्के झाला, तसा ट्रॅक्टरचे टायर आणि बऱ्याचशा सुट्या भागांवरचा कर १८ वरून ५ टक्क्यांवर आला आहे. इंजिन बांधून झाल्यावर पहिले ५० तास पल्टी नांगर किंवा रोटाव्हेटर लावू नये, हलक्या कामावर फिरवावा, त्यानंतर ऑइल व फिल्टर बदलावेत आणि पुढे दर अडीचशे तासांचा पाळा ठेवावा. आपल्या वापरात हा पाळा साधारण वर्षाने येतो. धुळीच्या कामाचे वर्ष असेल तर आधीच बदललेले चांगले.

एचएमटीविषयी मी इतका उदार नाही. हा ट्रॅक्टर झेकोस्लोव्हाकियाच्या झेटरच्या तंत्रावर हरियाणातील पिंजोरच्या सरकारी कारखान्यात बनत असे. तीन सिलिंडर, ३५ एचपी. अंगाने मजबूत आणि कामाला चिवट म्हणून त्याचे नाव होते, आणि वडिलांना त्याचे कौतुक वाटते त्यात नवल नाही. परंतु पिंजोरचा तो विभाग बंद करण्याचा निर्णय केंद्र सरकारने २०१६ मध्ये घेतला आणि तेव्हापासून कंपनीचा सुटा भाग ही गोष्ट संपत आली आहे. आज मिळतात ते लुधियाना वगैरे ठिकाणच्या छोट्या कारखान्यांतील भाग, त्यांत काही उत्तम आहेत आणि काही दोन महिन्यांत मान टाकतात. ट्रॅक्टर ठेवायचा असेल, तर क्लच प्लेट, वॉटर पंपाचा संच, गॅस्केटचा संच आणि हायड्रॉलिक पंपाची सिले आत्ताच, जुना नमुना दुकानात सोबत नेऊन, ताडून घेऊन ठेवावीत. बिघडल्यावर शोधू म्हणाल, तर पेरणीच्या तोंडावर तो आठ दिवस दारात उभा राहील.

आणि उसाच्या ट्रॉल्या या ट्रॅक्टरला आजपासून लावू नका. ब्रेक कमी लागतात हे माहीत असताना भरलेल्या ट्रॉल्या घेऊन उतारावर जाणे हा काटकसरीचा भाग नाही, तो अपघात आहे, फक्त अजून घडलेला नाही. ३५ एचपीचा ट्रॅक्टर ट्रॉली ओढू शकतो, म्हणून लोक ती जोडतात. मागून ढकलणारे वजन त्याला थांबवता येईल का, हा प्रश्न कोणी विचारत नाही. ब्रेक नवे करून घ्याच, पण त्यानंतरही त्याला शेतातच ठेवा. रस्त्यावर कोणताही ट्रॅक्टर नेताना डावे व उजवे ब्रेक पेडल जोडणारी पट्टी लावलेली असावी, कारण वेगात एकाच चाकाला ब्रेक लागला तर ट्रॅक्टर जागीच फिरतो. शेतात ती पट्टी काढतात आणि रस्त्यावर येताना लावायची विसरतात, हे आपणही पाहिले असेल. अडकलेली गाडी किंवा झाडाचा बुंधा ओढताना साखळी नेहमी खालच्या ड्रॉबारला बांधावी. ती वर टॉप लिंकच्या, म्हणजे अवजार जोडण्याच्या वरच्या दांड्याच्या, जागी बांधली, की पुढची चाके उचलली जाऊन ट्रॅक्टर मागे उलटतो आणि या जुन्या ट्रॅक्टरांवर चालकाला वाचवणारा सांगाडा नाही.

एचएमटीला देण्याजोगी कामे पुष्कळ आहेत: कल्टिव्हेटरची पाळी, पेरणी, फवारणीचा पंप, शेणखताची घरातल्या घरात वाहतूक. रोटाव्हेटर मात्र ५७५ लाच लावावा. आपल्या ट्रॅक्टरला एकेरी क्लच असेल, तर पेडल दाबताच पीटीओ, म्हणजे मागच्या अवजाराला फिरवणारा शाफ्टसुद्धा थांबतो, त्यामुळे वळणावर आधी अवजार उचलून मग क्लच दाबण्याची सवय हवी. मातीत रुतलेल्या पात्यांवर पुन्हा क्लच सोडला, की प्लेट आणि पीटीओचा शाफ्ट दोन्हींवर एकदम ताण येतो. नव्या चालकाच्या हाती जुना ट्रॅक्टर लवकर मोडतो तो बहुधा अशा ठिकाणी.

दोन वर्षांनंतर एचएमटीच्या गिअरबॉक्सचे किंवा मागच्या चाकांना ताकद देणाऱ्या क्राउन-पिनियनचे मोठे काम निघाले, तर त्यावर पैसे घालू नका, तेव्हा विकावा. वडिलांना हे आजच सांगून ठेवलेले बरे. दोन्ही ट्रॅक्टर कायमचे राखणार, असे आश्वासन त्यांना देऊ नये.

आता व्हॉट्सॲपवरील मजकुराविषयी. दहा वर्षांवरील ट्रॅक्टर सक्तीने भंगारात काढण्याचा असा कोणताही नियम नाही आणि केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने हा मजकूर निराधार असल्याचा खुलासाही केलेला आहे. दहा वर्षांच्या डिझेल वाहनांची जी बातमी आपण ऐकता, ती दिल्ली व आसपासच्या प्रदेशाची आहे. शेतीचा ट्रॅक्टर कायद्याने बिगर-परिवहन वाहनांत मोडतो. त्याची पहिली नोंदणी पंधरा वर्षांसाठी असते आणि त्यानंतर वाहन सुस्थितीत असेल, तर ती दर वेळी पाच वर्षांनी वाढवून मिळते. म्हणजे सरकार आपले ट्रॅक्टर उचलून नेणार नाही, पण आपण स्वतः मात्र ५७५ साठी २०१३ पासून आणि एचएमटीसाठी त्याच्याही दहा वर्षे आधीपासून मुदतबाह्य नोंदणीवर चालत आला आहात. खरी भीती वाटायला हवी ती याची. मुदत संपलेल्या नोंदणीवर विमा मिळणे अवघड, आणि विम्याशिवाय रस्त्यावर कोणाला इजा झाली, तर भरपाईचा दावा थेट मालकावर, म्हणजे आपल्या वडिलांवर आणि शेवटी जमिनीवर येतो. शेजाऱ्यांच्या उसासाठी आपण हाच धोका पत्करत होता.

सांगलीच्या आरटीओ कार्यालयात नूतनीकरणासाठी नमुना २५ भरावा लागतो आणि ट्रॅक्टर तपासणीसाठी समोर न्यावा लागतो. तपासणीत चेसिस क्रमांक व इंजिन क्रमांक पुस्तकाशी ताडला जातो, म्हणून ब्लॉक बदलण्याची वेळ आली तर त्याची पावती जपून ठेवा. एचएमटीचा क्रमांक एमएच मालिका सुरू होण्यापूर्वीचा असणार, त्यामुळे त्याची नोंद संगणकावर चढलेली आहे का ते आधी पाहा. नसेल तर जुन्या पुस्तकावरून बॅकलॉग नोंद करून घ्यावी लागेल आणि त्याला वेळ लागतो. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या सर्व वाहनांप्रमाणे दोन्ही ट्रॅक्टरना उच्च सुरक्षा नंबरप्लेटही लागेल. नोंदणी पुस्तकावर बँकेचा बोजा अजून असेल, तर बँकेचा दाखला आणि नमुना ३५ देऊन तो उतरवा. त्या काळी अनेकांनी ट्रॅक्टर भूविकास बँकेच्या कर्जातून घेतले आणि ती बँक पुढे अवसायनात गेली. आपलेही कर्ज तिचे असेल, तर जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्या कार्यालयात दाखल्याची चौकशी करावी. ट्रॉलीची नोंदणी स्वतंत्र असते, ती वेगळी तपासा.

वडील हयात आणि धडधाकट असतानाच ५७५ आपल्या नावावर करून घ्यावा, असे मी सुचवेन. नमुना २९ आणि ३० वर दोघांच्या सह्या झाल्या की काम होते. पुढे वारसाहक्काने करायची वेळ आली, तर नमुना ३१, मृत्यूचा दाखला आणि वारसांची संमती लागते, आणि भावाचे मत आज जे आहे ते पाहता ती संमती सहजपणे मिळेलच असे नाही. म्हणून हे त्याला सांगून करा, त्याच्या नकळत करू नका. त्याला हवे असल्यास एचएमटी विकल्यावरची रक्कम त्याची, असे लिहून ठेवता येईल.

वडिलांचा विरोध आपण हट्ट समजता, असे पत्रावरून जाणवते. मला त्यात निम्मा हट्ट आणि निम्मी माहिती दिसते. त्यांच्याजवळ बसून एका वहीत ट्रॅक्टरनिहाय लिहून घ्या: क्लच केव्हा टाकला, पंप केव्हा आणि कोणाकडे उघडला, लिफ्ट एकदा उतरत होती तेव्हा नेमके काय बदलले, मागचे टायर कोणत्या वर्षीचे, टायरमध्ये पाणी भरलेले आहे का. मिस्त्रींसमोर ही वही ठेवली, तर अंदाजपत्रकातील दोन-चार ओळी आपोआप गळतील. तास मोजणारे मीटर बंद असेल, तर ते दुरुस्त करून घ्या आणि चालू आकडा त्याच वहीत घाला. वडिलांना चालवायची इच्छा असेल, तर ५७५ वर कल्टिव्हेटरची पाळी खुशाल घालू द्या. रस्ता, ट्रॉली आणि पीटीओची कामे आपल्याकडे घ्या.

क्रम असा ठेवा. या आठवड्यात एचएमटीचे ब्रेक आणि दोन्ही ट्रॅक्टरची कागदपत्रे; त्यानंतर ५७५ ची वर सांगितलेली तपासणी आणि निळा धूर ठरल्यास इंजिनकाम. हे काम पावसाळ्याच्या तोंडावर काढू नका, कारण तेव्हा मिस्त्रींच्या दारात रांग असते आणि घाईत बांधलेले इंजिन पुन्हा उघडावे लागते; रब्बीची पेरणी उरकल्यानंतरचे दोन आठवडे त्यासाठी धरा. वितरकाला तोपर्यंत नकार कळवून टाका, विचार करतो असे सांगितले तर तो दर चार दिवसांनी फोन करील.